प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची त्वचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशी वाढवणं हे माझं रोजचं काम, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्वचेच्या पेशींबरोबर गेली. हे कळलं की समोरचा माणूस काहीतरी विचारतोच. विचारणाऱ्याच्या घरी कुणी भाजलेलं असेल तर तो प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो. पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उपचार कोणता घ्यायचा हे मात्र तुमच्या प्लास्टिक सर्जनना किंवा त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारा, कारण जखम त्यांनी पाहिलेली असते.

प्रयोगशाळेत खरंच माणसाची कातडी तयार होते का?

आख्खी कातडी होत नाही, तिचा वरचा थर होतो. हा फरक नीट कळला तर पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतील, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर. वरची बाह्यत्वचा बहुतेक ठिकाणी जेमतेम 0.1 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाइतकी जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्यातल्या बहुतेक पेशी केराटिनोसाइट नावाच्या. अगदी तळाच्या ओळीतल्या पेशी विभागत राहतात, त्यांतून निघालेल्या नव्या पेशी वर सरकत जातात, वाटेत चपट्या होतात, केराटिन या चिवट प्रथिनाने भरतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून अंग चोळताना जो मळ निघतो, त्यात बऱ्याचशा याच मेलेल्या पेशी असतात.

खालची अंतस्त्वचा जाड आणि बळकट. तिच्यात कोलॅजनचे धागे, ते तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, रक्तवाहिन्या, चेतातंतू, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं असं सगळं बिऱ्हाड असतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं म्हणजे जनावराची हीच अंतस्त्वचा.

केराटिनोसाइटची चादर आम्ही वाढवू शकतो. फायब्रोब्लास्टही वाढवू शकतो. दोन्ही एकावर एक रचून रुपयाच्या नाण्याएवढी प्रतिकृतीही करता येते. पण जिला घाम येतो, जिच्यावर केस उगवतात, जिला स्पर्श कळतो अशी त्वचा रुग्णाला लावण्यासाठी अजून तयार होत नाही. ‘कृत्रिम त्वचा’ अशी बातमी वाचली की यातलं नेमकं काय वाढवलं आहे, ते आधी शोधा.

त्यासाठी किती मोठा तुकडा काढतात? व्रण राहतो का?

पोस्टाच्या साध्या तिकिटाहूनही लहान. 3 चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यातल्या पेशी तीन ते चार आठवड्यांत 5,000 पटींहून जास्त क्षेत्र झाकण्याइतक्या वाढवता येतात. प्रौढ माणसाची सगळी त्वचा दीड ते दोन चौरस मीटर भरते, म्हणजे हिशेब जुळतो. तुकडा शक्यतो काखेतून किंवा जांघेतून घेतात. तिथे टाके घालतात, पुढे बारीक रेघ उरते.

तुकडा प्रयोगशाळेत आला की पुढे नेमकं काय करता?

तुकडा गुलाबी द्रवाच्या बाटलीत, बर्फावर ठेवून येतो. आधी तो अँटिबायोटिक घातलेल्या द्रवात अनेकदा धुतात, कारण निरोगी त्वचेवरही जंतूंची वस्ती असतेच. मग हूडखाली, गाळलेल्या हवेच्या झोतात, खालची पिवळी चरबी कात्रीने काढून टाकायची आणि उरलेल्याच्या काही मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या करायच्या. या पट्ट्या डिस्पेज नावाच्या एन्झाइममध्ये बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये. हे एन्झाइम दोन थरांमधली पकड सोडवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चिमटे घ्यायचे. एकाने पट्टी धरायची, दुसऱ्याने तिची कडा हलकेच उचलायची. रात्रभरात काम नीट झालं असेल तर बाह्यत्वचा भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी अलगद सुटून येते, जवळजवळ पारदर्शक, आणि खाली पांढरी लवचिक अंतस्त्वचा राहते. वेळ कमी पडला असेल तर साल तुकड्यातुकड्यांत फाटते आणि तळाची ओळ, म्हणजे जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच, खाली चिकटून राहते. मी नव्या मुलांना पहिला आठवडा फक्त हे सोलायला देते.

निघालेली साल ट्रिप्सिन या दुसऱ्या एन्झाइममध्ये, 37 अंश सेल्सिअसला, दहा-पंधरा मिनिटं. पेशी सुट्या होतात आणि स्वच्छ द्रव ताकाच्या निवळीसारखा गढुळतो. तिथेच ट्रिप्सिन थांबवायचं. जास्त वेळ ठेवलं तर ते पेशींनाच इजा करतं. मग ट्रायपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. मोजून झालं की फ्लास्कमध्ये पेरणी, आणि फ्लास्क इनक्युबेटरमध्ये: 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, दमट हवा.

पहिले दोन दिवस काहीच घडत नाही असं वाटतं. घडत असतं, पेशी तळाला धरत असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाच-दहा पेशींची बेटं दिसू लागतात, एकमेकींना खेटून बसलेल्या, फरसबंदीसारख्या. दर दोन-तीन दिवसांनी खाद्य, म्हणजे मीडियम, बदलायचं. त्यात फिनॉल रेड हा रंग असतो. लालसर मीडियम पिवळं पडलं की आम्ल साचलं, बदलायला उशीर झाला. तळ 70–80 टक्के भरला की पेशी सोडवून जास्त फ्लास्कमध्ये वाटायच्या. याला आम्ही पॅसेज म्हणतो.

यात सगळी किल्ली कॅल्शियमकडे असते. मीडियममध्ये कॅल्शियम अगदी कमी ठेवलं, लिटरला 0.1 मिलिमोलच्या आसपास, की केराटिनोसाइट विभागत राहतात. ते 1 मिलिमोलच्या वर नेलं की त्या एकमेकींचे हात धरतात, थर रचतात आणि पक्व व्हायला लागतात. प्रतिकृती करायची असेल तर याच टप्प्यावर पेशींचा पडदा जाळीवर उचलून वरून हवा आणि खालून मीडियम असा ठेवतात. हवा लागली की दोनेक आठवड्यांत वर खरोखरचा मृत, कोरडा थर तयार होतो. शरीराबाहेर, प्लास्टिकच्या डबीत असूनही या पेशींना वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं. मला हे रोज पाहूनही जुनं वाटलेलं नाही.

हे कुणी शोधून काढलं?

फायब्रोब्लास्ट फार आधीपासून वाढवता येत होते. अडचण केराटिनोसाइटची होती. थोडे दिवस कसेबसे जगायच्या, आणि तुकड्याबरोबर आलेले चार फायब्रोब्लास्ट शेतात गाजरगवत माजावं तसे सगळा तळ व्यापून टाकायचे.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स ऱ्हाइनवाल्ड उंदराच्या एका गाठीतल्या पेशींवर काम करत होते. माणसाची त्वचा हा त्यांचा विषयच नव्हता. त्या गाठीतून आलेल्या काही पेशी त्वचेच्या पेशींसारखी बेटं करून वाढताना दिसल्या, पण शेजारी फायब्रोब्लास्टची सोबत असेल तरच. मग त्यांनी ‘3टी3’ ही उंदराच्या फायब्रोब्लास्टची मालिका (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत नेलेल्या पेशी) घेतली, तिला किरणांनी असं निकामी केलं की त्या पेशी जगतील पण विभागणार नाहीत, आणि त्या गादीवर माणसाच्या केराटिनोसाइट पेरल्या. त्या वाढल्या. एकेका पेशीपासून वसाहत झाली. हे 1975 मध्ये प्रसिद्ध झालं. 3टी3 सोबतीला राहून पोषक घटक पुरवतात, आणि आगंतुक फायब्रोब्लास्टला जागाही देत नाहीत. 1979 मध्ये ग्रीन यांच्याच गटाने वाढलेली चादर डिस्पेजने अखंड सोडवून दाखवली, आणि ती जखमेवर नेण्याचा मार्ग मोकळा झाला.

म्हणजे उंदराच्या पेशी माणसाच्या अंगात जातात?

चादर सोडवेपर्यंत त्यातल्या बहुतेक नाहीशा झालेल्या असतात, तरी अंश राहू शकतो. म्हणून अमेरिकेचं औषध नियामक खातं अशा उत्पादनाला प्राण्याशी संपर्क आलेलं मानतं आणि रुग्णाला तसं सांगावं लागतं. आता उंदराच्या पेशींशिवाय वाढवण्याची मीडियमही मिळतात. संशोधनात आम्ही बहुधा तीच वापरतो.

मीडियम शाकाहारी असतं का?

हा प्रश्न लोक संकोचून विचारतात. संकोच करू नका, विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं हा भाग कारखान्यात बनतो. पण जुन्या पद्धतीत 5 ते 10 टक्के गर्भस्थ वासराच्या रक्ताचा सीरम घालतात, आणि तो गाभण गाईच्या कत्तलीनंतर मिळतो. ही गोष्ट झाकण्यासारखी नाही. केराटिनोसाइटसाठी सीरम नसलेली मीडियम 1980च्या दशकापासून उपलब्ध आहेत. काही ठिकाणी माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेटचा अर्क वापरतात. उपचार घेताना हा मुद्दा तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा.

या पेशी कायम वाढत राहतात का?

नाही. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी 1961 मध्ये दाखवलं की माणसाच्या सामान्य फायब्रोब्लास्ट सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. केराटिनोसाइटमध्ये तर जन्मजात फरक असतो. बारांदाँ आणि ग्रीन यांनी 1987 मध्ये त्यांच्या तीन जाती वेगळ्या केल्या. होलोक्लोन खूप काळ विभागतात, पॅराक्लोन थोड्याच फेऱ्यांत संपतात, मेरोक्लोन मधले. रुग्णाला लावलेली चादर वर्षानुवर्षं टिकणार की नाही, हे तिच्यात होलोक्लोन किती आहेत यावर ठरतं. फ्लास्क पेशींनी गच्च भरलेला दिसला म्हणून खूश व्हायचं नाही, ते यासाठी.

हॅकॅट नावाची केराटिनोसाइटची मालिका मात्र न थांबता वाढते. 1988 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला ती तयार झाली. ती संशोधनापुरती; माणसाच्या अंगावर लावत नाहीत. आणि अशाच न थांबता वाढणाऱ्या हीला पेशी त्वचेच्या नाहीत, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या आहेत. हा घोळ परीक्षेतल्या उत्तरांत दरवर्षी दिसतो.

भाजलेल्या माणसाला याचा खरंच उपयोग झाला आहे का?

झाला आहे. 1983 मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ 95 टक्क्यांहून जास्त भाजले. तुमच्या बोटांसकट तळहाताचं क्षेत्र म्हणजे तुमच्या शरीराचा साधारण एक टक्का. त्या मुलांच्या अंगावर अशा पाच तळहातांइतकीही निरोगी त्वचा उरली नव्हती. त्यांना बोस्टनला नेलं, उरलेल्या जागेतून छोटे तुकडे घेतले, ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत चादरी वाढवल्या आणि प्रत्येकाच्या निम्म्याअधिक अंगावर त्या लावल्या. दोघंही वाचले. पुढे 1984 मध्ये हे काम वैद्यकीय नियतकालिकात आलं तेव्हा जगभरच्या बर्न्स युनिटना कळलं की हे होऊ शकतं.

मग आपल्याकडे प्रत्येक बर्न्स वॉर्डात हे का मिळत नाही?

या प्रश्नामागे बहुतेक वेळा आयसीयूबाहेर बसलेला कुणीतरी असतो, म्हणून सरळ सांगते.

पहिलं कारण वेळ. चादर वाढायला तीन आठवडे लागतात, आणि मोठ्या भाजण्यात हेच तीन आठवडे जिवावरचे असतात. उघड्या जखमेतून पाणी झिरपतं, प्रथिनं जातात, जंतू आत शिरतात. पेशींना घाई करता येत नाही. कितीही पैसे दिले तरी केराटिनोसाइट तिच्याच वेगाने विभागणार.

दुसरं, चादर फार नाजूक असते. दोन ते आठ पेशींचा थर, ओल्या टिश्यूपेपरसारखा. ती सुटी उचलता येत नाही, आधाराला जाळीदार कापड लावून जखमेवर बसवतात. जंतुसंसर्ग झाला तर एका रात्रीत विरघळून जाते. बसली तरी खालच्या थराशी तिची पक्की गुंफण व्हायला महिने लागतात; तोवर नुसत्या घासण्याने फोड येतात. आणि खाली अंतस्त्वचाच नसेल तर धरायचं कशाला?

तिसरं, सगळ्यांना तिची गरज नसते. भाजलेला भाग मर्यादित असेल तर मांडीवरची पातळ कातडी काढून, जाळीसारखी ताणून लावणं, म्हणजे नेहमीचं स्किन ग्राफ्टिंग, हाच उत्तम उपाय. ते टिकाऊ असतं आणि त्यात अंतस्त्वचेचाही थोडा भाग येतो. वाढवलेल्या चादरीची वेळ येते ती कातडी काढायला अंगावर जागाच उरली नसेल तेव्हा. अमेरिकेत ‘एपिसेल’ या नावाने ती मिळते आणि तिला 2007 मध्ये मिळालेली परवानगीही मोठ्या, खोल भाजण्यापुरतीच आहे. खर्च, निर्जंतुक खोल्या, चोवीस तास हजर असणारी माणसं हे सगळं त्यानंतर येतं.

त्या तीन आठवड्यांत रुग्णाला वाचवतात कसं?

मेलेल्या माणसाने दान केलेल्या त्वचेने. मला या पानावर सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

स्किन बँकेतली त्वचा जखमेवर लावली की पाणी झिरपणं थांबतं, वेदना कमी होतात, जंतूंची वाट अडते. काही आठवड्यांनी शरीर ती नाकारतं, पण तेवढ्यात रुग्णाची स्वतःची त्वचा पुन्हा काढण्याजोगी होते, किंवा प्रयोगशाळेतली चादर तयार होते. आणि काम इथेच संपत नाही. 1986 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात चार्ल्स क्युओनो यांनी दान केलेली त्वचा आधी बसू दिली, मग तिचा फक्त वरचा थर खरवडून काढला आणि खाली रुजलेल्या अंतस्त्वचेवर रुग्णाच्या वाढवलेल्या पेशींची चादर अंथरली. शरीर चिडून नाकारतं ते मुख्यतः वरच्या थरातल्या परक्या पेशींना. खालचं कोलॅजनचं विणकाम टिकून राहतं. चादरीला हवी असलेली जमीन अशी मिळाली. एका माणसाची अंतस्त्वचा आणि दुसऱ्याची बाह्यत्वचा मिळून एक त्वचा होते.

प्रयोगशाळेतल्या कामामुळे त्वचादान कालबाह्य होईल असं काही जण म्हणतात. मी स्वतः त्या पेशी वाढवते, आणि मला अजिबात तसं वाटत नाही.

आईची कातडी बाळाला लावता येईल का?

तात्पुरती लावता येते, आणि काही वेळा लावतातही. कायमची धरत नाही. रक्ताचं नातं असलं तरी शरीर ती परकीच मानतं. अपवाद फक्त एकसारख्या जुळ्यांचा. आईच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावल्या तरी हेच. त्या काही काळ जिवंत ड्रेसिंगसारखं काम करतात, जखम भरायला मदत करणारी द्रव्यं सोडतात आणि हळूहळू नाहीशा होतात. ज्या आयांनी मला हे विचारलं त्यांना ‘नाही’ म्हणणं आजवर सोपं गेलेलं नाही.

एका मुलाची जवळजवळ सगळी कातडी बदलली असं वाचलं होतं. खरं आहे?

खरं आहे. 2015 मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथे सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. कुटुंब सीरियातून आलेलं. त्याला जन्मापासून एपिडर्मोलिसिस बुलोसा होता. या आजारात दोन थरांना जोडणारं एक प्रथिन सदोष असतं, त्यामुळे साध्या स्पर्शानेही फोड येऊन कातडी सुटते. संसर्गानंतर त्याची बहुतेक बाह्यत्वचा गेली होती. इटलीतल्या मोदेना इथल्या मिकेले दे लुका आणि ग्रात्सिएल्ला पेल्लेग्रिनी यांच्या गटाने त्याच्या जांघेतून 4 चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला, पेशींमध्ये त्या प्रथिनाचं निरोगी जनुक घातलं, चादरी वाढवल्या. 0.85 चौरस मीटर, म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे 80 टक्के भाग त्यांनी झाकला. 2016 च्या फेब्रुवारीत तो घरी गेला आणि शाळेत जाऊ लागला. नंतरच्या तपासणीत दिसलं की ती सगळी बाह्यत्वचा थोड्याशा दीर्घायुषी मूळ पेशींच्या (स्टेम सेलच्या) जिवावर दर महिन्याला नवी होते आहे. वर होलोक्लोनबद्दल लिहिलं ते याच्यासाठी.

कोडासाठी याचा उपयोग होतो का?

होतो, पण प्रत्येकाला नाही. पांढऱ्या डागांत रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी नसतात. त्या एरवी बाह्यत्वचेच्या तळाच्या ओळीत बसलेल्या असतात. आपल्या देशात त्वचारोगतज्ज्ञ बऱ्याच ठिकाणी न वाढवलेल्या पेशींचं द्रावण वापरतात. मांडीवरची पातळ कातडी घ्यायची, ट्रिप्सिनने पेशी सुट्या करायच्या आणि त्याच दिवशी खरवडलेल्या डागावर पसरायच्या. घेतलेल्या तुकड्याच्या पाच ते दहा पट डाग झाकता येतो. अट एकच, पण कडक: आजार स्थिर हवा, साधारण वर्षभर नवा डाग आलेला नसावा. डाग पसरत असताना कुणी हे करून द्यायला तयार असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

घाम आणि केस यांचं काय?

प्रयोगशाळेतल्या चादरीत दोन्ही नसतात. मोठ्या भाजण्यातून वाचलेल्यांना एप्रिल-मेचा उन्हाळा फार जड जातो, कारण नव्या त्वचेला घाम येत नाही आणि अंग थंड होत नाही. 2020 मध्ये बोस्टनच्या एका गटाने माणसाच्या मूळ पेशींपासून केस असलेल्या त्वचेचे छोटे गोळे वाढवले. त्याला चार-पाच महिने लागले आणि गोळे काही मिलिमीटरचे होते. आशा आहे, पण वॉर्डात पोचायला अवकाश आहे.

सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीत या पेशी वापरतात का?

हो, आणि हा उपयोग मला मनापासून आवडतो. युरोपीय संघाने 2013 मध्ये आणि भारताने 2014 मध्ये प्राण्यांवर चाचणी केलेल्या प्रसाधनांना दरवाजे बंद केले. ससा नको तर मग काय, याचं उत्तर प्रयोगशाळेत वाढवलेली बाह्यत्वचा. तिच्यावर पदार्थ ठेवतात, धुतात आणि मग एक पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. निम्म्या किंवा त्याहून कमीच पेशी जिवंत राहिल्या तर पदार्थ त्वचेला त्रासदायक ठरतो.

‘स्टेम सेल क्रीम’ने त्वचा नवी होते का?

डबीतल्या क्रीममध्ये माणसाची पेशी जिवंत राहूच शकत नाही. तिला 37 अंश लागतात, दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य लागतं, हे वर वाचलंतच. पार्लरमध्ये किंवा क्लिनिकमध्ये मूळ पेशींची इंजेक्शनं देऊ करत असतील तर आणखी जपून. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य असलेले मोजके उपचार सोडले तर मूळ पेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

पेशी वाढवल्यामुळे कर्करोग होतो का?

वाढवलेली चादर लावलेल्या काही रुग्णांमध्ये पुढे त्वचेचा कर्करोग दिसल्याची सूचना एपिसेलच्या माहितीपत्रकातच दिलेली आहे. भाजल्याच्या जुन्या व्रणात कर्करोग होतो हे मात्र या तंत्राच्या फार आधीपासून ठाऊक आहे. म्हणून व्रणात न भरणारी जखम झाली तर ती वीस वर्षं जुनी असो वा दोन, दाखवायला जा.

माझी पेशी कुणी परस्पर वापरू शकतं का?

संमतीशिवाय वापरणं चूक आहे. हीला पेशी 1951 मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि आजही जगभर वाढत आहेत. संमतीपत्रात ‘उरलेल्या पेशींचं काय करणार’ ही ओळ शोधा. नसेल तर लिहून मागा.

मला या क्षेत्रात काम करायचं आहे. काय यायला हवं?

जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, कुठूनही येता येतं. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथे देशाचा पेशीसाठा आहे. हात स्थिर हवा आणि सुट्टीच्या दिवशी मीडियम बदलायला यायची तयारी हवी, कारण पेशींना गणपती-दिवाळी कळत नाही.

आणि स्वच्छतेचं वेड हवं. सुरुवातीच्या वर्षांत एका जुलैमध्ये माझा इनक्युबेटर बुरशीने गेला. बाहेर आठवडाभर संततधार. सोमवारी सकाळी फ्लास्क प्रकाशात धरला तर तळाशी कापसाच्या बोंडासारखं काहीतरी तरंगत होतं. एकात दिसलं, मग दुसऱ्यात. अकरा फ्लास्क. एका रुग्णाने संशोधनासाठी आपण होऊन दिलेला तुकडा होता तो, आणि दुसरा मागणार कसा? सगळं ब्लीचमध्ये ओतलं. चूक माझी होती: इनक्युबेटरच्या तळातल्या ट्रेचं पाणी मी बदललं नव्हतं. तेव्हापासून दर सोमवारी ट्रे मी स्वतः धुते. बुरशी दिसते तरी. मायकोप्लाझ्मा हा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखालीही सहज दिसत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन लागू पडत नाही, आणि तो महिनोन्महिने निकाल बिघडवत राहतो. त्याची पीसीआर चाचणी ठरल्या दिवशी करायचीच.

त्वचादान कसं करतात? पार्थिव विद्रूप दिसतं का?

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत जवळच्या स्किन बँकेला फोन करायचा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 2000 पासून स्किन बँक आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. माणसं घरी येतात. दाता अठरा वर्षांवरचा हवा. मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी चालतं, रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, त्वचेचा कर्करोग, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. मांड्या, पाय आणि पाठ इथूनच अगदी पातळ थर काढतात, रक्त जेमतेम पाझरतं. साधारण पाऊण तासाचं काम. मग बँडेज बांधतात आणि नेसवलेल्या कपड्यांतून काहीच दिसत नाही. ती त्वचा ग्लिसरॉलमध्ये 4 अंशांवर पाच वर्षांपर्यंत टिकते. चेहऱ्याला आणि हातांना कुणी हात लावत नाही.